मातीतला पाय

मी मानसशास्त्र शिकवते. दुसऱ्या वर्षाला एका परदेशी तत्त्वज्ञावर धडा आहे आणि तो मी इतक्यांदा शिकवलाय की घसा बसला तर नुसत्या हातवाऱ्यांनी शिकवता येईल. त्याला जाऊन शंभरावर वर्षं झाली. तो डॉक्टरकी शिकला, पण डॉक्टरकी कधी केली नाही. तरुणपणी तो इतका खचला होता की जगावं की नाही हेच त्याला ठरवता येईना. शेवटी त्याने ठरवलं, आपल्या हातात काहीतरी आहे असं आधी मानून चालायचं, पुरावा मागून आला तर आला. मन ही शास्त्रासारखी शिकवण्याची गोष्ट आहे असं म्हणणाऱ्या अगदी पहिल्या माणसांपैकी तो एक.

पोरांना त्याचं एकच मत आवडतं. आमच्या शहरात अधूनमधून बिबट्या दिसल्याची हूल उठते, तिचा मी फायदा घेते. समजा समोर बिबट्या आला, मी विचारते, तर तुम्ही घाबरता म्हणून पळता, की पळता म्हणून घाबरता? वर्ग हसतो. मागच्या बाकावरून कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, तुम्ही पळा, आम्ही बघून सांगतो." तत्त्वज्ञाचं म्हणणं असं की अंग आधी हलतं. छाती धडधडते, पाय सुटतात आणि अंगात झालेली ही खळबळ मनाला कळते, तिलाच आपण भीती म्हणतो. मला स्वतःला हे कधी पटलं नव्हतं. परीक्षेपुरतं शिकवत होते.

मला तो आवडायचा तो वेगळ्या कारणासाठी. त्याच्या वडिलांना एकच पाय होता. लहानपणी लागलेली आग पायाने विझवायला गेले आणि पाय गमावून बसले. म्हणजे हा पोरगा बापाच्या लाकडी पायाचा आवाज ऐकत वाढला. पुढे नावारूपाला आल्यावर त्याने हातपाय गमावलेल्या शेकडो लोकांना प्रश्न पाठवले. नसलेला पाय जाणवतो का, कसा जाणवतो, दुखतो का. त्यात एक प्रश्न असाही होता की तुमच्या शरीरापासून वेगळ्या झालेल्या त्या पायाला तिकडे काही झालं तर तुम्हाला इकडे कळतं का. कारण तिकडच्या लोकांतही गोष्टी होत्या, की वाकडा पुरलेला पाय उकरून सरळ केला तेव्हा कुठे माणसाचं कण्हणं थांबलं. त्याने विचारलं आणि पुरावा मिळाला नाही, असं सरळ लिहून टाकलं. त्याचं एक तान्हं मूल गेलं होतं. त्यानंतर मेलेल्यांशी बोलणाऱ्या एका बाईसमोरही तो वर्षानुवर्षं बसला. तिची लबाडी पकडायला बघत राहिला, आणि पकडता आली नाही म्हणून ते खरंच आहे असंही म्हणाला नाही. हा माणूस स्वतःशी खोटं बोलत नव्हता. मीही तशीच आहे, अशी माझी समजूत होती. घरचे त्याला माझा तुसडेपणा म्हणतात.

पुरलेल्या पायांच्या गोष्टी मी वर्गात हसत सांगायची. आता मी त्या गाळते.

आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, उजवा पाय ऐन उन्हाळ्यात मांडीपासून काढावा लागला. आमचं रान फुलंब्रीच्या पुढे. रानात बाभळीचा काटा मोडला, साखरेचं दुखणं जुनं, त्यावर आबांनी हळद-तेल लावून ते बांधून ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. धाकट्या भावाने त्यांना गाडीत घालून शहरात आणलं तेव्हा बोटं काळी पडली होती. काढलेल्या पायाचं काय करायचं, असं दवाखान्यात विचारलं. त्यांची विल्हेवाटीची सोय होती, नाहीतर सही करून घेऊन जा म्हणाले. मी म्हणाले, तुम्हीच बघा. पण आबांनी आत जाण्याआधीच भावाला बजावून ठेवलं होतं.

"माझा पाय कचऱ्यात नाय टाकायचा. आपल्या बांधावर पुरायचा. आन् मी जाईन तवा तो काढून माझ्यासंगं जाळायचा. मी आख्खा जाणार."

आबांच्या घोट्याला नजरेचा काळा दोरा असायचा. तो नर्सबाईंनी कापून आईच्या हातात दिला होता. तोही परत पायाला बांध म्हणाले. भावाने पाय पांढऱ्या कापडात गुंडाळून नेला, दोरा बांधला, मीठ टाकून बांधावरच्या कडुलिंबाखाली पुरला आणि वर एक मोठा दगड ठेवला. आमच्या गावात असं करणारे आबा काही पहिले नव्हते.

जखम बांधायला रोज दवाखाना जवळ हवा, म्हणून आबा आणि आई माझ्याकडे शहरातल्या छावणी भागात राहायला आले. नवरा नोकरीला पुण्यात, मुलगी तिकडेच शिकायला, त्यामुळे घरात जागाच जागा होती. आबांना खिडकीजवळचा पलंग दिला. सकाळी लष्कराच्या मैदानावरची शिट्टी ऐकू येई, तेव्हा मी त्यांना गोळ्या द्यायला पलंगावर बसायची. उजव्या बाजूला, मांडीच्या खाली चादर सपाट असायची. तिथेच बसायची मी. सोयीची जागा होती ती.

पहिल्यांदा त्यांनी बोटं खाजतात म्हणून सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं. ही माझी हद्द होती. मी त्यांना समजावून सांगितलं, की पाय गेला तरी मेंदूतली पायाची जागा जात नाही, ती निरोप पाठवत राहते. आबांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी बिऱ्हाड गेलं तरी पत्त्यावर टपाल येतंय."

"तसंच."

"लई शिकलीस," असं म्हणून त्यांनी मला खाजवायला हात पुढे करायला लावला आणि मी हवेत खाजवलं. दोघंही हसलो. आई मात्र हसली नाही. ती उठून आत गेली.

मग एका दुपारी ते म्हणाले, "गुडघा मुडपलाय गं."

मी म्हटलं, होतं असं. सगळ्यांना होतं.

"सगळ्यांचं सोड. माझा मुडपलाय. आखडून ठिवलाय कुणीतरी. सरळ करता येत नाय."

त्या दिवसापासून हसणं संपलं. कळ आली की ते डाव्या पायाने पलंगाची पट्टी दाबून धरत आणि त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब येत. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, वाढवल्या. आबांना नुसती गुंगी यायची. गुंगीतही गुडघा मुडपलेलाच असायचा. मी आरशाचा उपाय करून बघितला, तो आता सगळीकडे करतात. आईच्या खोलीतल्या कपाटाचा लांब आरसा काढून त्यांच्या दोन मांड्यांच्या मध्ये उभा केला. डाव्या पायाचं प्रतिबिंब उजव्या जागी दिसतं आणि मेंदू फसतो. डावा पाय सावकाश लांब करा, मी म्हणाले. त्यांनी केला. आरशात उजवा पाय लांब झाला. आबा बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"हा सरळ हाय," ते म्हणाले. "पर हा माझा नाय. हा कुणाचा हाय?"

मी आरसा काढून घेतला. त्यानंतर आईने तो आरसा कपाटाला परत लावू दिला नाही. तो मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवला होता.

भावाला मी फोन करून सांगितलं ते सहज, आबांचं काय चाललंय म्हणून. गुडघा मुडपलाय म्हणतात, असंही म्हटलं. 

"ताई," तो म्हणाला, "उन्हाळ्याची जमीन. पहार मारली तरी ढेकूळ निघत नव्हतं. खड्डा आखूड झाला."

"मग?"

"मग मी गुडघा मुडपून ठिवला."

तेव्हा भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. पण मी शिकवणारी बाई, लगेच चौकशीला लागले. कुणाला सांगितलंस? कुणालाच नाही. बायकोला? नाही. आईला? "कसं सांगू ताई, लाज वाटत होती." बरोबर कोण होतं? कुणी नव्हतं. मी फोन ठेवला आणि स्वतःला समजावलं. नसलेला पाय बहुतेकांना आखडलेलाच जाणवतो, आणि उन्हाळ्यात खणलेले बहुतेक खड्डे आखूडच होत असणार. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली.

माझ्या तत्त्वज्ञाने एवढ्यावर सोडलं नसतं, म्हणून मीही सोडलं नाही. मी भावाला म्हणाले, तुझ्या मनाला येईल त्या दिवशी त्या दगडापाशी घागरभर पाणी ओत आणि मला सांगू नकोस. मी रोज संध्याकाळी आबांना इकडचं तिकडचं विचारता विचारता पायाचं विचारायची. काही दिवस नुसता गुडघा. मग एका संध्याकाळी ते आपणहून म्हणाले, "आज पायाला गार लागलं. बरं वाटलं जरा."

मी गॅलरीत जाऊन भावाला फोन लावला. तो म्हणाला, आज मी रानात गेलोच नाही, कांदा घेऊन लासूर स्टेशनच्या बाजारात होतो, आत्ता घरी येतोय. मला इतकं हायसं वाटलं की मी एकटीच हसले. झाली एकदाची परीक्षा. आबांना पोटभर जेवू घातलं, मीही जेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. शेजाऱ्याची पाइपलाइन काल फुटली होती. लिंबाखाली दगड बुडेपर्यंत पाणी साचलेलं होतं.

आता याला काय म्हणायचं? भावाने पाणी ओतलं नव्हतं, म्हणजे माझा प्रयोग फसला होता. पाणी मात्र होतं. मी आईला काही बोलले नाही, पण तिला सांगण्याची गरज नव्हती, ती दारात उभी राहून ऐकत होती. "उकरून सरळ करा," ती म्हणाली. "एवढं करायला तुमचं काय जातं?" मी म्हणाले, माझं सगळंच जातं. ती माझ्याकडे असं बघत राहिली की मलाच माझ्या बोलण्याची लाज वाटली.

मग पाऊस लागला. काळ्या रानात पाऊस लागला की बांधावर चालत जाणं मुश्कील, उकरणं तर लांबच. आबांची कळ कधी कमी झाली नाही, ती फक्त बदलली. रुतलाय म्हणायचे. भाद्रपदात त्यांनी भाकरी सोडली. नुसतं ताक घ्यायचे. दवाखान्यातून कृत्रिम पायाचं माप घ्यायला माणूस आला, त्याला त्यांनी हात लावू दिला नाही. "पयला हाय तो सरळ होऊ द्या," म्हणाले. त्यांचा चेहरा बारीक होत गेला आणि डोळे मोठे. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, हे असंच चाललं तर थंडी निघायची नाही. मला फार भीती वाटायला लागली आणि ती पायाची नव्हती. माझा बाप मरत होता, एका गुडघ्यापायी, आणि मी त्याला मेंदू समजावून सांगत होते.

दसरा झाला, चिखल सुकून जमीन वाफशावर आली. मी आबांना म्हणाले, उद्या भाऊ तुमचा पाय सरळ करणार आहे.

"तू जा संगं."

"मी कशाला?"

"त्यो मला बरं वाटावं म्हणून खोटं सांगंल. तू नाय सांगणार." त्यांनी माझं मनगट धरलं. हातात अजून शेतकऱ्याची पकड होती. "तू बघून यायचं आन् मला सांगायचं. तू सांगितलंस तर मी मानीन."

सकाळी आम्ही दोघं बांधावर पोहोचलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. लिंबाखाली दगड जसाच्या तसा होता, त्याच्या कडेने गवत उगवलेलं, कुठे उकरल्याची खूण नाही. भावाने दगडाला हात जोडले आणि कुदळ घातली. माती मऊ होती. तो सावकाश खणत गेला, मग कुदळ टाकून हातानेच माती काढू लागला. मी पदराने नाक झाकून उभी होते. पण वास कसलाच येत नव्हता. ओल्या मातीचा यायचा तेवढाच.

तो थांबला. "इथंच होता," म्हणाला.

अजून खाली गेला, बाजूने गेला. खड्डा त्याने आधी खणला होता त्याच्या दुप्पट झाला. कापडाची चिंधी नाही, हाड नाही. मग त्याच्या बोटाला काहीतरी लागलं आणि त्याने ते वर काढून माती पुसली. काळा दोरा होता. नायलॉनचा, म्हणून टिकला असेल. भाऊ बैलाच्या दाव्याला मारतो तशी दुहेरी गाठ त्याने त्या दिवशी मारली होती. ती गाठ तशीच होती. दोरा कुठे तुटलेला नव्हता. घोट्याएवढा गोल, आणि आत काही नव्हतं.

भावाने तो माझ्या तळहातावर ठेवला.

काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात, हे मला माहीत आहे. लहानपणी आमचा विळा एका भेगेत पडला तो पुन्हा कुणाला दिसला नाही. माती फुगते, आकसते, पोटातली वस्तू कुठल्या कुठे नेते. हे सगळं मी भावाला सांगितलं. तो मान हलवत होता. मग त्याने खड्ड्याकडे बघून विचारलं, "आता सरळ काय करायचं, ताई?"

दोरा परत आत ठेवला, माती लोटली, दगड ठेवला. परतताना गाडीत तो एकदाच बोलला. "सरळ केला म्हणून सांग. तुझंच ऐकत्यात ते."  माझ्या तत्त्वज्ञाचाच धडा मला आठवत होता, की काही गोष्टी आधी मानाव्या लागतात, मानल्या तरच त्या खऱ्या व्हायला वाव मिळतो. मला तो धडा तोंडपाठ होता. तरी शहराच्या वेशीवरचं हर्सूल येईपर्यंत मला रडू येत होतं, कारण आबांनी मला पाठवलं होतं ते मी खोटं बोलत नाही म्हणून.

घरी आलो तर आबा उशीला टेकून बसले होते. आई स्वयंपाकघरात होती, भाकरीचा खमंग वास येत होता. भाऊ हातपाय धुवायला मागे गेला. मी दारातच उभी राहिले.

"बघितलास?" त्यांनी विचारलं.

"बघितला."

"केला सरळ?"

"केला," मी म्हणाले. "मी तिथंच उभी होते. नीट लांब केला त्याने, आता नाही दुखणार."

आबा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. रागावले असं काही वाटलं नाही. बाजारात माल पारखताना बघायचे तसं बघितलं त्यांनी.

"तुला खोटं बोलायला जमत नाय," ते म्हणाले. "लहानपणापासनं नाय जमत." मग त्यांनी मान मागे टेकली आणि डोळे मिटले. कपाळावरची आठी गेली होती. इतक्या महिन्यांत मी ते कपाळ असं सपाट पाहिलं नव्हतं. "ऱ्हाऊ दे. झालाय सरळ. मगाशीच झाला."

मगाशी म्हणजे कधी, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तो तत्त्वज्ञ असता तर त्याने विचारलं असतं, आईकडून खातरजमा केली असती आणि आम्ही दगड हलवला त्या वेळेशी ताडून पाहिलं असतं. मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही. आईने भाकरी आणली, आबांनी ती दुधात कुस्करून अख्खी खाल्ली आणि बोलता बोलता झोपी गेले. तोंड उघडं, हात छातीवर, गाढ. आई पदर तोंडाला लावून आत गेली.

मी दमले होते. पलंगावर नेहमीच्या जागी बसायला गेले, त्यांची मांडी संपते त्याच्या खाली, उजव्या बाजूला, जिथे चादर सपाट असते आणि इतके महिने मी बिनदिक्कत बसत आले होते. बसता बसता माझं अंग आपोआप कडेला सरकलं. झोपलेल्या माणसाचा पाय आपल्याखाली येऊ नये म्हणून आपण सरकतो, तसं. पुरती सरकून पलंगाच्या कडेवर अर्धवट टेकल्यावर मी काय केलं ते माझ्या लक्षात आलं.

आणि मग मला भीती वाटली.